काका चाखत नसत

कुणाबद्दल लिहायचं तर तो माणूस आपल्याला नीट माहीत असावा लागतो. मला काकांचं पूर्ण नावसुद्धा खोलीच्या कागदावर सही करताना कळलं, आणि ते मी इथं लिहिणार नाही. शिवाय मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील येवल्यात दुसऱ्याच्या मागावर पैठणी विणतात, आई सहीपुरतं लिहिते. मराठीच्या बाईंनी एकदा माझ्या निबंधाखाली शेरा दिला होता, ‘आशय आहे, मांडणी नाही.’ तेव्हा इथंही मांडणी चुकेल, ती पदरात घ्यावी. काकांविषयी लिहायचा हक्क माझ्यापेक्षा दुसऱ्यांचा जास्त आहे. पण त्यांतलं कुणी लिहील असं मला वाटत नाही.

काका नाशिक रोडला माझे घरमालक होते. एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात आचारी म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली. निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत ते एकटे राहायचे आणि मागच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना द्यायचे. नावानं हाक ते कुणालाच मारत नसत, गावानं मारत. “ए पेठ, नळ बंद कर.” “सुरगाणा, तुझ्या आईचा फोन आल्ता, जेवलास का विचारत होती. मी हो म्हनलो. आता जेव.” मी पहिल्या दिवसापासून येवला झालो. एकदा येवल्याचाच आणखी एक मुलगा खोली बघायला आला तर त्याला सरळ नाही म्हणाले. “एक येवला हाय आधीच. हाक मारली तर दोघं येतील.”

मे महिन्यातही त्यांच्या गळ्यात मफलर असे आणि मफलरच्या आत तुळशीची माळ. माळ घातलेला माणूस मांसमच्छी खात नाही, हे काही मी सांगायला नको. काकाही खात नसत. पण दर रविवारी ते मटण शिजवायचे.

परसात विटांची चूल होती. तिच्यावर फक्त मटणाचं पातेलं चढायचं, जर्मनचं, बाहेरून काळं कुळकुळीत झालेलं. मटणाला हळद, आलं-लसूण लावून झाकणावर पाणी ठेवायचे आणि ते तापलं की तेच आत ओतायचे. “गार पानी घातलं का मटन दचकतं.” मटण अर्धं शिजलं की आत पालेभाजी पडायची. तांदुळजा, चाकवत, पालक, जे मिळेल ते, पण देठं जास्त. बाजारात गिरणारे गावाहून येणाऱ्या भाजीवाल्या बायका खुडून टाकलेली देठं त्यांच्यासाठी बाजूला ठेवायच्या. एकदा मी बरोबर होतो तेव्हा त्यातली एक म्हणाली,

“बाबा, एवढी देठं नेता दर रविवारी, बकरी पाळली का काय?”

“हाय ना बकरी,” काका म्हणाले. “पातेल्यात हाय.”

सगळं मऊ झालं की मटण आणि भाजी बाजूला काढून आम्हा मुलांना द्यायचे. आम्ही त्यावर तुटून पडायचो, पण काकांना त्यात काही रस नसे. त्यांना हवं असायचं ते तळाला उरलेलं पाणी. आमच्या घरी त्याला अळणी म्हणतात. काका नुसतं ‘पाणी’ म्हणायचे. हिरवट पिवळं, वर तुपासारखे बारीक डोळे आलेलं. ते फडक्यातून गाळून किटलीत भरायचे, किटली जुन्या स्वेटरात गुंडाळायचे आणि गल्लीत निघायचे. कुणी बाळंतीण असे, कुणाचा पाय मोडलेला असे, कुणी नुकतंच दवाखान्यातून घरी आलेलं असे. विचारायची पद्धत नव्हती. दार वाजवायचं, “वाटी आन” म्हणायचं. उभ्यानं प्यायचं नाही, पिताना मोबाइल बघायचा नाही. वाटी रिकामी होईपर्यंत ते उंबऱ्यावर बसून राहायचे आणि मग पुढच्या दाराला जायचे. परत आले की आंघोळ करून देवापुढं दिवा लावायचे.

कुकरवर त्यांचा राग होता. शेजारी कुठं शिट्टी झाली की म्हणायचे, “शिट्ट्या मारून मटन शिजत नाय, ते नुसतं घाबरतं.”

भजनाला त्यांच्याबरोबर बसणारे एक आप्पा होते. ते एका रविवारी परसाच्या भिंतीवरून डोकावले.

“गळ्यात तुळस आन् हातात मटन! वर गेल्यावर देवाला काय सांगनार रे?”

“माळ माझ्या गळ्यात हाय, आप्पा. पेशंटच्या गळ्यात नाय ना?”

“आरे, पन वास तर जातो का नाय नाकात?”

“वासाचं पाप माझ्या खात्यात लिहा,” काका म्हणाले आणि चुलीत लाकूड सरकवलं. आप्पा हसत गेले. पण त्यांनी नंतर काकांना भजनात टाळ वाजवायला देणं बंद केलं, हेही खरं. काका मग मागं बसून नुसत्या टाळ्या वाजवायचे.

तर सांगायचं हे, की काका चाखत नसत. शिजलं की नाही ते ऐकून ठरवायचे. पातेल्याकडं कान करायचे आणि म्हणायचे, “आता जड झालं.” मीठ मात्र ऐकू येत नाही. त्यासाठी त्यांना माणूस लागायचा. माझ्या आधी ते काम पेठच्या मुलाकडं होतं. तो फार चांगला होता या कामाला, कारण तोंडावर बोलायचा. “काका, काईच लागत नाय, घाला अजून.” त्याला नोकरी लागली आणि तो गेला. पुढच्या रविवारी काका पळी घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

“येवला, मटन खातोस ना?”

“हो.”

“खरं बोलतोस ना?”

“हो.”

“मग ये.”

मी घोट घेतला. इतकं चांगलं काही मी त्याआधी प्यायलो नव्हतो. आमच्याकडं मटण क्वचित व्हायचं आणि झालं तर हे पाणी आधी वडिलांना, कारण दिवसभर मागावर वाकून त्यांची पाठ धरलेली असायची. आमच्या वाट्याला वाटी पुसायला यायची. काकांनी विचारलं, “मीठ?” मी म्हणालो, “बरोबर.” त्यानंतर जवळजवळ वर्षभर दर रविवारी मी “बरोबर” म्हणालो. त्यात माझं काही नव्हतं. त्यांचा हात बसलेला होता, मीठ बरोबरच असायचं. पण एक गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. ते बरोबर नसतं तरी मी “बरोबर”च म्हणालो असतो. मोठ्या माणसाला तुमचं चुकलं असं म्हणायची मला सवय नव्हती. वर्गातही सरांनी फळ्यावर गणित चुकवलं तर मी वहीत चुकीचंच उतरवून घ्यायचो.

शेजारी ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई होत्या. काकांना एक मुलगी आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी शर्टाचं बटण लावून घ्यायला गेलो होतो.

“देवळ्याला दिलीये,” ताई म्हणाल्या. “येते वर्षातून एखाद्या वेळी. पण दारात उभी राहते आणि जाते. या घरातलं पाणीसुद्धा पीत नाही.”

“का?”

“आई गेली ना तिची.” ताईंनी दोरा दातानं तोडला. “आजारी होती. काही पोटात ठरत नव्हतं. काकांना म्हणायची, दवाखान्यात सगळ्यांना पाजलंत, मला एक वाटी मटणाचं पाणी द्या. आणि यांनी तेव्हाच माळ घातलेली. नाही दिलं. ती गेली. त्यानंतर हे असं सुरू झालं, सगळ्या गल्लीला पाजत सुटलेत. आता लेक गरोदर आहे. पहिलं बाळंतपण माहेरी असतं की नाही? काकांनी खोली रंगवून घेतली, बाज विणून घेतली. ती म्हणाली, मी येणार नाही.”

महिनाभरापूर्वी काकांनी मला मागच्या दुसऱ्या खोलीत हलवलं होतं, ती नवीन रंगवलेली का होती ते मला तेव्हा कळलं. लेक येणार नाही म्हणाल्यावर ती खोली त्यांनी मला दिली होती.

त्यानंतर महिनाभरानं एका मंगळवारी सकाळी सहाला काकांनी माझं दार वाजवलं. “येवला, ऊठ. पोरीला पोरगी झाली. पाच दिवस झाले, आज कळवलं त्यांनी.” चूल पेटलेली होती. मंगळवारचं मटण त्यांनी कुठून आणलं होतं कोण जाणे. मी तोंड धुऊन आलो तोवर ते चुलीभोवती नुसते फिरत होते, एकदा झाकण उघडत होते, एकदा लाकूड मागं ओढत होते. पातेल्याला कान लावायचं त्या दिवशी विसरले. “ती मला दारात उभं करायची नाय,” ते म्हणाले. “तू जा. शिकलेलं पोरगं हाय, तुला काय म्हननार नाय. सटान्याची गाडी सातला सुटती, देवळ्यावरूनच जाती. चाख.”

मी घोट घेतला. खारट झालं होतं. थोडंथोडकं नाही, जिभेला चरचरलं. त्यांनी घाईत दोनदा मीठ टाकलं होतं. मी वर बघितलं तर ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मफलर सुटून खांद्यावर आला होता.

“मीठ?”

“बरोबर,” मी म्हणालो.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. गाडी चुकेल हे होतं. एवढ्या आनंदाच्या वेळी त्यांना कसं सांगायचं, हे होतं. बाकी काही नव्हतं. मी सांगितलं असतं तर तांब्याभर गरम पाणी घालून त्यांनी ते सुधारलं असतं. दोन मिनिटांचं काम.

चांदवडच्या पुढं रस्ता खराब होता. मी किटली मांडीवर धरून बसलो होतो, पोर धरावं तशी. देवळ्यात पत्ता विचारत गेलो तर ओट्यावर एक म्हातारी कांदे निवडत होती.

“कोन शे रे भाऊ? नाशिकथीन उना का?”

हो, नाशिकहून आलो, मी म्हणालो. किटली बघून ती उठलीच. “बापनी धाडं व्हई! ये, बैस, बैस.” बापानं पाठवलंय, अशी तिनं आत हाक मारली. काकांची मुलगी बाहेरच्या खोलीत आली, डोक्याला फडकं बांधलेलं, अजून सवय न झालेल्या हातांत बाळ. त्या म्हातारीनं, तिच्या सासूनं, बाळ घेतलं आणि वाटी भरून तिच्या हातात दिली. “पी, माय. बापनं प्रेम शे.”

मुलगी कितीतरी वेळ वाटीत बघत राहिली. मग तिनं तोंडाला लावली. एक घोट, आणि वाटी खाली ठेवली.

“कुणी चाखलं होतं हे?” तिनं मला विचारलं.

“मी.”

“मग?”

मी किटलीचं झाकण लावायला लागलो.

“आईला नाही दिलं,” ती म्हणाली, आवाज न चढवता. “आणि मला हे पाठवलं. घेऊन जा.”

सासूनं वाटीत बोट बुडवून चाखलं, म्हणाली, पाणी टाकून उकळते मी, त्याला काय होतं. पण मुलगी आत निघून गेली होती. मी तशीच भरलेली किटली घेऊन परतीच्या गाडीत बसलो.

काका ओट्यावर बसले होते. त्यांनी किटली हातात घेतली आणि तिच्या वजनावरूनच त्यांना कळलं. तरी विचारलं, “प्याली नाय?”

वाटेत मी ठरवलं होतं की सांगायचं, बाळ-बाळंतीण झोपले होते. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण ते किटलीवरचा स्वेटर काढून घडी घालत होते, अगदी सावकाश, बाही आत दुमडून. मला ते बघवलं नाही.

“काका, खारट झालं होतं,” मी म्हणालो. “मला सकाळीच कळलं होतं. मी बोललो नाही.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घडी घातलेला स्वेटर मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “माझी जीभ तूच हायेस ना, येवला? आपलीच जीभ खोटं बोलली तर मानसानं कुनाला इचारायचं?”

मी रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो. त्यांनी मला आत नेलं, खाटेवर बसवलं. आणि मग ताईंनी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. माळ त्यांनी बायको बरी व्हावी म्हणूनच घातली होती, नवस म्हणून. घरात मांस शिजलं तर नवस मोडेल आणि ती जाईल, ही भीती होती. एका दुपारी ते बाहेरून आले तर मुलीनं आईसाठी गुपचूप पातेलं चढवलं होतं. मटण, मेथी, सगळं शिजत आलेलं.

“मी उचललं आन् मोरीत ओतलं,” काका म्हणाले. “गरम होतं, वाफ आली सगळ्या घरात. ती आतून म्हनाली, वास तरी येऊ द्या. तेवढंच म्हनाली. पोरगी तिथंच उभी होती.”

मी विचारलं, “मग आता तरी माळ काढून का नाही ठेवली?”

“तिच्यासाठी घातलेली हाय,” ते म्हणाले. “ती गेली म्हनून काढू?”

दुसऱ्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. गुरुवारी सकाळी सहाला दार वाजलं. पळी हातात. “चाख. आन् खरं बोल.”

मी चाखलं. “कमी आहे.”

त्यांनी चिमूट टाकली. “आता?”

“अजून थोडं.”

“आता?”

“आता जास्त पण नाही आणि कमी पण नाही.”

“त्याला बरोबर म्हन्तात, येड्या,” ते म्हणाले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. मी कॉलेज बुडवून पुन्हा देवळ्याला गेलो.

मुलीनं किटली माझ्या हातातून घेतली आणि आत गेली. प्याली की नाही ते मला दिसलं नाही. अर्ध्या तासानं सासूनं किटली परत आणून दिली. आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. ही रिकामी होती. मला वाईट वाटलं. काकांनी मात्र घरी झाकण उघडून आत बोट फिरवलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

“धुतलीये,” ते म्हणाले. “बघ. घासून धुतलीये.”

सव्वा महिना होईपर्यंत मी दर गुरुवारी आणि रविवारी गेलो. शेवटच्या खेपेला किटलीत मूठभर शेंगदाणे होते. काकांनी ते खाल्ले नाहीत, देवापुढं ठेवले. नंतर ते उंदरांनी खाल्ले, असं ते म्हणायचे. आमच्याकडं उंदीर नव्हतेच, सुरगाण्यानं खाल्ले होते. पण मुलगी काही आली नाही. बारशाला त्यांना बोलावणं आलं नाही. “यील,” ते म्हणायचे. “भांडं धुन्याइतकी आली, दारापर्यंत यील.” दर दिवाळीला तिच्यासाठी विणून घेतलेली बाज उन्हात टाकायचे.

मी बीएस्सी झालो, पुण्याला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागलो. निघताना पाया पडलो तर म्हणाले, “आता मीठ कोन बघनार?” आणि लगेच, “जा, जा, गाडी चुकंल.” पहिल्या वर्षी मी दोनदा फोन केला. मग माझा मोबाइल चोरीला गेला, नंबर बदलला, त्यांचा नंबर त्यातच होता. हे कारण आहे, खरं कारण नाही. येवल्याला जाताना मुद्दाम नाशिकमार्गे जायचो, नाशिक रोडवरून मी कितीदा तरी गेलो. उतरेन म्हणायचो आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून उतरायचो नाही.

गेल्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत एक फोन आला. अनोळखी नंबर. बाईचा आवाज. काकांची मुलगी. माझा नंबर तिनं ताईंकडून, ताईंनी पेठच्या मुलाकडून, असा शोधत मिळवला होता.

“बाबा गेले,” ती म्हणाली. “दोन महिने झाले. तुला कळवायचं राहिलं होतं.”

ती सांगत गेली. ते न्हाणीत पडले, कमरेचं हाड मोडलं. ती दोन दिवसांसाठी म्हणून मुलीला घेऊन आली. मग त्यांचं जेवण तुटलं. डॉक्टर म्हणाले, ताकद नाही, मटणाचं पाणी द्या.

“मी विचारलं बाबांना. मान हलवली. नको. मग बाबांच्या मोठ्या बहीण, माझ्या आत्या, म्हणाल्या, तो ग्लानीत आहे, माळ काढून ठेव आणि पाज, त्याला काय कळतंय.”

“मग?”

“मला कळत होतं ना,” ती म्हणाली. “नाही काढली. नुसता तांदुळजा उकळून त्याचं पाणी द्यायचे चमच्यानं. नऊ दिवस पीत होते. शेवटी शेवटी डोळे उघडत नव्हते, पण चमचा लावला की तोंड उघडायचे.”

तिकडून लहान मुलीचा आवाज आला, काहीतरी मागत होती. ती तिला थांब म्हणाली. मी विचारलं, “तुम्ही आता देवळ्यालाच का?”

“नाही रे. नाशिक रोडला आहे, बाबांच्या घरी,” ती म्हणाली. “सगळे म्हणतात, झालं आता, सासरी जा. जाईन. एवढ्यात नाही जात.”